उन्हाळ्यापुरते गाव

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात पोकोनो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्यात टॅनर्सव्हिल हे एक लहानसे गाव. या गावाजवळच्या रानात १९४० च्या दशकापासून १९८१ पर्यंत दर उन्हाळ्यात आणखी एक गाव वसत असे आणि शाळा उघडण्याच्या सुमारास ते उठून जात असे. तेथली वस्ती मुलामुलींची. त्यांचे वडीलधारे म्हणजे विशीतले तरुण. तेथे चेंडू खेळला जाई, गुडघे फुटत, जेवणाच्या टेबलावर भांडणे होत, रात्री गाणी म्हटली जात, आणि हे सारे हिब्रू भाषेत चाले. आता यातले नवल असे की, या मुलांपैकी फारच थोड्यांच्या घरी हिब्रू बोलली जात होती. घरी आईबाप इंग्रजी बोलत, आजीआजोबा यिद्दिश बोलत आणि हिब्रू होती ती प्रार्थनेच्या पुस्तकात. जी भाषा घरात नाही, रस्त्यावर नाही, ती मुलांच्या तोंडी बसावी म्हणून काही माणसांनी तिच्यासाठी एक गावच उभे केले. त्या गावाचे नाव मस्साद.

नावावरून एक घोटाळा होण्याचा संभव आहे. इस्राएलच्या हेरखात्याचे नाव मोसाद. त्याचा आणि या शिबिराचा काही संबंध नाही. मस्साद या हिब्रू शब्दाचा अर्थ पाया. इमारतीच्या तळाशी जी दगडांची बैठक घालतात ती मस्साद. असे नाव घेणाऱ्यांच्या मनात वर काहीतरी बांधायचे होते हे उघड आहे. ते काय बांधायचे होते आणि त्यातले किती बांधून झाले, हे आम्हांला येथे सांगायचे आहे.

प्रथम अमेरिकेतील उन्हाळी शिबिरांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे शिबिर म्हटले की चारआठ दिवसांचा मामला असतो. सतरंज्या, बौद्धिके, श्रमदान आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण. अमेरिकेत मुलांना जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत सुटी असते आणि तेथली शिबिरे महिना महिना, कित्येक तर आठ आठवडे चालतात. या प्रथेचा आरंभ १८६१ सालचा मानतात. त्या वर्षी कनेक्टिकट राज्यातील फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांना समुद्रकाठी तंबूंत राहायला नेले. पुढे शहरे वाढली, गिरण्या-कारखाने वाढले, आणि मुलांना वर्षातून एकदा तरी झाडे दिसावीत, मोकळी हवा मिळावी, असे लोकांना वाटू लागले.

यहुदी, म्हणजे ज्यू, समाजाची गरज तर निकडीची होती. १८८१ नंतर रशिया, पोलंड, रुमानिया या देशांतून छळाला आणि दारिद्र्याला कंटाळलेले यहुदी अमेरिकेत येऊ लागले. १९२४ साली कायद्याने दार जवळजवळ बंद होईपर्यंत वीस लाखांच्या वर माणसे आली. त्यांतली फार मोठी संख्या न्यूयॉर्कच्या एका कोपऱ्यात, लोअर ईस्ट साइडच्या चाळींत कोंबली गेली. मुंबईच्या गिरणगावातली खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या चाळी निराळ्या समजावून सांगायला नकोत. एका खोलीत शिवणयंत्र, त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत अंथरुणे, आणि उन्हाळ्यात जीव गुदमरला की माणसे गच्चीवर किंवा जिन्यावर निजत. अशा वस्तीतल्या मुलांसाठी १९०२ साली हडसन नदीच्या खोऱ्यात कोल्ड स्प्रिंग येथे 'सरप्राइज लेक' हे शिबिर निघाले. पुढे विनोदी नट म्हणून गाजलेला एडी कँटर त्या काळात तेथे जाऊन आलेला आहे. या पहिल्या शिबिरांचा हेतू साधा होता. मुलाला पोटभर जेवण मिळावे, पोहता यावे, त्याचे वजन वाढावे. शिवाय त्याने चांगला अमेरिकन व्हावे. यहुदी शिक्षण हा त्यांचा विषय नव्हता. त्यांना यहुदी शिबिर म्हणायचे ते मुले यहुदी आणि देणगीदार यहुदी एवढ्यापुरतेच. पुष्कळ ख्रिस्ती शिबिरांत आणि विश्रामगृहांत त्या वेळी यहुद्यांना प्रवेश नसे, हीही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

मग पहिल्या महायुद्धानंतर दृष्टी पालटली. मुलांची वजने आता ठीक होती. चिंता दुसरीच उत्पन्न झाली. आईबापांना वाटू लागले की, मुलगा अमेरिकन तर झालाच, पण तेवढाच झाला. १९१९ साली अल्बर्ट शूलमन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल ज्युईश इन्स्टिट्यूटच्या वतीने एक शिबिर सुरू केले. 'सेज्विन' या नावाने ते प्रसिद्धीला आले. वर्षभर दुपारच्या धर्मशाळेत जे शिकवून शिकत नाही ते उन्हाळ्यात जगून शिकता येईल, ही कल्पना तेथे रुजली. १९२३ साली यिद्दिश भाषेचे अभिमानी लोक 'बोइबेरिक' काढून बसले. तेथे सारे यिद्दिशमधून चाले. त्याच सुमारास समाजवादी मंडळींनीही आपापली शिबिरे काढली. प्रत्येक पंथाला आणि पक्षाला आपला उन्हाळा हवा होता, असे म्हटले तरी चालेल.

या साऱ्यांत हिब्रूची गोष्ट अगदी निराळी. यिद्दिश ही तरी आजीच्या तोंडची जिवंत भाषा होती. हिब्रू सतराअठराशे वर्षे कोणाचीच घरची भाषा नव्हती. ती धर्माची, पांडित्याची, पत्रव्यवहाराची भाषा होती. आपल्याकडच्या संस्कृतची आठवण होते, आणि ती तुलना बऱ्याच अंशी खरी आहे. एलिएझर बेन-यहूदा नावाचा तरुण १८८१ साली जेरुसलेमला आला आणि घरात हिब्रूखेरीज दुसरा शब्द बोलायचा नाही, असा त्याने नेम धरला. १८८२ साली त्याला मुलगा झाला. अर्वाचीन काळात हिब्रू मातृभाषा म्हणून ऐकत वाढलेले ते पहिले मूल. बेन-यहूदाला रोजच्या व्यवहाराचे शब्द घडवावे लागले. शब्दकोशालाच धड शब्द नव्हता, तेव्हा त्याने 'मिल्ला' म्हणजे शब्द यावरून 'मिलोन' हा शब्द केला. १९२२ साली पॅलेस्टाइनमधील इंग्रज सरकारने इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूला राजभाषा मानले. चाळीस वर्षांत एवढे घडले.

हिब्रूशी मराठीचाही थोडा जुना परिचय आहे. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल लोकांसाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. ते ख्रिस्ती धर्मप्रसारक होते, हेतू त्यांचा वेगळा होता; पण पुस्तक झाले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशी छापून निघाली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली शाळा निघाली. हीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. म्हणजे शनिवार पाळणाऱ्या आपल्या तेली शेजाऱ्यांच्या मुलांनाही हिब्रू पुस्तकातूनच शिकावी लागली. घरी ती मराठीच बोलत. न्यूयॉर्कच्या मुलाची अडचण अलिबागच्या मुलाच्या अडचणीहून फारशी वेगळी नव्हती.

न्यूयॉर्कला ही अडचण सोडवायला निघालेल्यांत सॅम्सन बेंडर्ली हे नाव मोठे. गालील प्रांतातील त्स्फात गावी जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत डॉक्टर झाले आणि डॉक्टरकी सोडून शिक्षणाच्या मागे लागले. १९१० पासून न्यूयॉर्कच्या यहुदी शिक्षणखात्याची सूत्रे त्यांच्याकडे होती. 'हिब्रूतून हिब्रू' हा त्यांचा आग्रह. भाषांतर करून शिकवायचे नाही. दार दाखवून दार म्हणायचे. १९२७ साली त्यांनी 'अखवा' नावाचे शिबिर काढून या पद्धतीला रानात नेले. ते फार वर्षे टिकले नाही, तथापि वाट पडली.

त्या वाटेने पुढे गेले ते श्लोमो शुलसिंगर आणि त्यांच्या पत्नी रिव्का. श्लोमो हिब्रूचे शिक्षक. न्यूयॉर्कमध्ये १९३० नंतर हिब्रूप्रेमी तरुणांचा एक संघ निघाला होता. हे तरुण एकमेकांशी हिब्रूत बोलत, नियतकालिक काढीत, नाटके करीत. त्या संघाच्या आश्रयाने १९४१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी, फार रॉकअवे येथे, शुलसिंगर दांपत्याने दिवसापुरते शिबिर भरवले. सकाळी मुले येत, संध्याकाळी घरी जात. आरंभ अगदी लहान होता. पण लगेच ध्यानात आले की, संध्याकाळी घरी गेलेले मूल सकाळी इंग्रजी घेऊन परत येते. तेव्हा मुलांना रात्रीही ठेवले पाहिजे आणि शहरापासून दूर ठेवले पाहिजे. काही काळातच शिबिर पोकोनोच्या डोंगरात गेले. पुढे डिंगमन्स फेरी येथे दुसरे आणि एफर्ट येथे तिसरे अशी एकाची तीन शिबिरे झाली.

१९४१ च्या उन्हाळ्याविषयी येथे थांबून सांगितले पाहिजे. त्या जूनच्या २२ तारखेला जर्मन फौजा रशियावर चालून गेल्या आणि काही आठवड्यांतच लिथुएनियात यहुद्यांची सामुदायिक कत्तल सुरू झाली. विल्ना शहराबाहेर पोनार नावाचे रान आहे. जुलैपासून तेथे माणसांना नेऊन गोळ्या घालू लागले. विल्ना, कोव्हनो आणि पोलंडातली शेकडो गावे ही बोलक्या हिब्रूची युरोपातील माहेरघरे होती. 'तारबुत' नावाच्या संस्थेच्या शाळांत तेथे हजारो मुले गणित, भूगोल, विज्ञान हिब्रूतून शिकत होती. फार रॉकअवेच्या वाळूत मूठभर मुले हिब्रू बोलायला शिकत होती त्याच आठवड्यांत त्या शाळांतली मुले आणि मास्तर मारले जात होते. हे त्या वेळी न्यूयॉर्कला कळलेले नव्हते. पुढच्या दोन वर्षांत कळले. साठ लाखांच्या त्या संहारानंतर, आता अमेरिकेतील यहुद्यांनी हिब्रू सांभाळली नाही तर पॅलेस्टाइनबाहेर ती सांभाळायला कोणीच उरले नाही, असे मस्सादच्या चालकांना वाटले असल्यास त्यात अतिशयोक्ती नव्हती. शिबिरातल्या खेळामागे एवढे ओझे होते, आणि आम्हांला मौज वाटते ती याची की, मुलांच्या खांद्यावर ते ओझे दिसू दिले नाही. मुलांना वाटे आपण सुटीला आलो आहोत.

आता हे शिबिर चाले कसे, हे पाहू. नियम एकच. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत हिब्रू. केवळ वर्गात नव्हे. वर्ग हा तर दिवसाचा अगदी लहान भाग होता. पोहायला शिकवणारा हिब्रूत सांगे, चेंडू शिकवणारा हिब्रूत ओरडे. राहायच्या खोपटांना पॅलेस्टाइनमधील यहुदी गावांची नावे असत. त्यामुळे जे गाव नकाशावर पाठ करून आठवणीत राहिले नसते ते 'आमचे खोपटे' म्हणून जन्मभर राही. अन्न धर्माच्या नियमाप्रमाणे शिजे. शुक्रवारी सूर्य कलला की सर्वांनी पांढरे कपडे घालायचे आणि शब्बाथचा दिवस सुरू व्हायचा. कडक धर्म पाळणाऱ्या घरची मुले होती, सैल पाळणाऱ्या घरचीही होती, दोघे एका पंक्तीला बसत. पुढे अमेरिकेतील यहुदी पंथ एकमेकांपासून जसे दूर गेले तसतशी ही पंगत दुर्मिळ झाली. उन्हाळा संपत आला की 'मक्काबिया' नावाची चढाओढ लागे. साऱ्या शिबिराचे पक्ष पडत, आणि खेळांबरोबर गाणी रचणे, चित्रे काढणे, नाटुकले बसवणे अशा स्पर्धा होत. गाणे हिब्रूतच रचावे लागे. ज्या मुलाने जूनमध्ये धड वाक्य केले नसते तो ऑगस्टमध्ये यमक शोधत असे. आपला पक्ष हरू नये म्हणून मूल जेवढे कष्ट घेते तेवढे परीक्षेसाठी घेत नाही, हे सांगायला शिक्षणशास्त्र नको.

पण या शिबिराचे मर्म आम्हांला बेसबॉलमध्ये सापडते. अमेरिकन मुलाला बेसबॉल म्हणजे आपल्या मुलाला क्रिकेट. तो काढून घेतला तर मूल शिबिराला येणार नाही. बेसबॉल ठेवायचा तर हिब्रूत खेळला पाहिजे. आणि हिब्रूत त्याचे शब्द कोठे आहेत? पॅलेस्टाइनमध्ये फुटबॉल होता. त्याला 'कादुरेगेल' म्हणत. 'कादूर' म्हणजे चेंडू, 'रेगेल' म्हणजे पाय. बेसबॉल तेथे कोणी खेळत नव्हते. जेरुसलेमच्या पंडितांना त्याचे शब्द घडवायचे कारणच पडले नव्हते. तेव्हा ते काम पेन्सिल्व्हेनियाच्या रानात झाले. चेंडू फेकणारा, तो झेलणारा, धाव, बाद, या साऱ्यांना शब्द ठरवले गेले. मस्सादने शिबिरातल्या शब्दांचा स्वतःचा कोशच छापला. त्यात बेसबॉलचे शब्द होते, जेवणघरातल्या वस्तूंचे होते, खोपट्यातल्या सामानाचे होते.

मराठी वाचकाला यात अनोळखी असे काही नाही. आपणही गोलंदाज, फलंदाज, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षक असे शब्द केले, आणि चांगले केले. रेडिओवरच्या समालोचनाने ते घरोघर नेले. वर्तमानपत्राच्या पानावर ते आज सहज वाचले जातात. पण आळीतल्या मैदानावर जाऊन ऐकावे. तेथे मुलगा 'बॉलिंग माझी' म्हणतो आणि 'आउट' असे ओरडतो. 'यष्टिरक्षक हो' असे एका मुलाने दुसऱ्याला म्हटल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. आपले शब्द लिहिणाऱ्यांनी केले, वाचणाऱ्यांनी स्वीकारले, खेळणाऱ्यांपर्यंत गेले नाहीत. मस्सादला उलटे घडले. तेथे शब्द मैदानावर लागला म्हणून केला, आणि करताक्षणी मुलाच्या तोंडून धापा टाकत बाहेर पडला. शब्द बरा की वाईट हे मग व्याकरणाने ठरवायचे नसून धावबाद होण्यापूर्वी तो ओरडून होतो की नाही यावर ठरते. भाषा मुलाची होते ती अशा वेळी. रागावताना, हसताना, 'नाही, मी आधी पोचलो' असे भांडताना. धर्मशाळेच्या वर्गात मुलाला हिब्रूत प्रार्थना करता येत होती. हिब्रूत खोटे बोलता येत नव्हते. मस्सादला आल्यावर तेही येऊ लागले.

हे सारे अंगावर घेणारे तरुण कोठून आणायचे, हा प्रश्न कठीण होता. पोहणे, चेंडू, नाटक यांत तरबेज आणि वर अस्खलित हिब्रू, अशी माणसे बाजारात मिळत नाहीत. पुष्कळशी शिबिरातूनच तयार झाली. बारा वर्षांचा मुलगा अठराव्या वर्षी तेथेच मार्गदर्शक म्हणून परत येई. फिलाडेल्फियाचे हिब्रू व्याकरणकार विल्यम चॉम्स्की यांचा मुलगा तरुणपणी मस्सादला मार्गदर्शक होता. तो म्हणजे पुढे भाषाशास्त्रात क्रांती करणारे नोम चॉम्स्की. त्यांचा १९५१ चा पदवीप्रबंध अर्वाचीन हिब्रूच्या रचनेवर आहे. रानातल्या हिब्रूचा त्या प्रबंधाशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. भाषा घरात ऐकलेली आणि घडताना पाहिलेली असा योग त्यांना आला होता, एवढे मात्र खरे. पुढे कपड्यांच्या धंद्यात जगभर नाव काढलेले राल्फ लॉरेन हेही मस्सादचेच. ब्रॉन्क्समधील रंगाऱ्याचा हा मुलगा.

मस्सादचे सर्वांत मोठे अपत्य मात्र दुसरेच एक शिबिर आहे. १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यातील कॉनोव्हर येथे 'रामा' नावाचे शिबिर उघडले. ते यहुद्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे मध्यममार्गी, पंथाचे. न्यूयॉर्कच्या ज्यूईश थिऑलॉजिकल सेमिनरीतील मोशे डेव्हिस आणि सिल्व्हिया एटनबर्ग हे त्यामागे होते. हिब्रू तरुणांच्या त्या चळवळीशी आणि मस्सादशी या मंडळींचा जवळचा संबंध होता. रामाचीही भाषा हिब्रूच ठरली. पण भर दुसरीकडे होता. पंथाला धर्मोपदेशक, शिक्षक, जाणती गृहस्थ मंडळी हवी होती, आणि ती लहानपणीच हेरून तयार करायची होती. मस्सादला भाषा हे साध्य होते, रामाला ते साधन होते. हा फरक बारीक वाटतो, पण पुढे त्यानेच दोघांची नशिबे निराळी केली.

मस्सादवर आक्षेप नव्हते असे नाही. पहिला आक्षेप कृत्रिमपणाचा. दहा महिने इंग्रजीत जगणाऱ्या मुलाने दोन महिने हिब्रू बोलावी, हे नाटक नव्हे काय? नाटकच होते. पण मुले खेळताना जे काही करतात ते सगळे नाटकच असते आणि त्यातूनच ती माणसे होतात, तेव्हा या आक्षेपात आम्हांला फारसा जोर वाटत नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे. ज्या मुलाला मुळीच हिब्रू येत नाही त्याला अशा ठिकाणी पहिले काही दिवस मुके होऊन राहावे लागते. म्हणून मस्सादला येणारी मुले बव्हंशी आधी काही वर्षे हिब्रू शिकलेली असत. ही निवडक मुलांची जागा होती. सर्वांसाठी भाषा असे ज्या चळवळीचे ब्रीद, तिच्या गावाची वेस अशी अरुंद असावी, यात विसंगती होतीच. वेस रुंद करावी तर इंग्रजी आत शिरणार, अरुंद ठेवावी तर गाव लहान राहणार. या पेचातून मस्सादला कधीच सुटता आले नाही.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले. मस्सादच्या मंडळींना याहून मोठा आनंद कोणता? आणि त्या आनंदातच त्यांच्या शिबिराचा शेवट दडलेला होता. १९४१ साली हिब्रू बोलणारे गाव पाहायचे तर ते अमेरिकन मुलासाठी रानात उभे करावे लागत होते. पुढे जेट विमाने आली, १९६७ च्या युद्धानंतर इस्राएलला जाणाऱ्या तरुणांची रीघ लागली, आणि सोळासतरा वर्षांच्या मुलाला खऱ्या गावात सहा आठवडे राहून येणे शक्य झाले. खरे गाव असताना उन्हाळ्यापुरत्या गावाला कोण विचारतो? शिवाय अमेरिकेत हिब्रूसाठी झटणारी जुनी पिढी सरत आली होती. धार्मिक घरांना आपल्या पंथाची कडक शिबिरे मिळाली, मध्यममार्गी घरांना रामा मिळाले, मधल्या पंगतीला बसणारे कमी झाले. १९८१ साली मस्सादची शिबिरे बंद पडली. शुलसिंगर त्यापूर्वी तीस वर्षांहून अधिक काळ ती चालवीत आले होते. पुढे हे दांपत्य इस्राएलात स्थायिक झाले. आयुष्यभर ज्या भाषेसाठी त्यांनी परदेशात गाव उभे केले, ती जेथे भाजीवाल्याच्या तोंडी आहे तेथे ते गेले.

रामा टिकले, वाढले, आणि आज अमेरिका-कॅनडात त्याच्या अनेक शाखा आहेत. पण तेथे आता दिवसभर हिब्रू चालत नाही. चालते ती एक गमतीची मिश्र बोली. वाक्य इंग्रजी, आणि त्यात नामे हिब्रू. जेवणघराला 'हदर ओखेल', खोपट्याला 'त्स्रीफ', मार्गदर्शकाला 'मदरीख' म्हणायचे. दवाखान्याचा हिब्रू शब्द 'मिरपाआ'. मुलांनी त्याचे 'मार्प' करून टाकले आहे. हा 'मार्प' तेल अवीवच्या माणसाला कळणार नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी २०२० साली या शिबिरी बोलीवर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. अशा शब्दांनी भाषा येत नाही, हे त्यांनाही मान्य आहे. आपण या भाषेच्या घरचे आहोत ही भावना मात्र येते. मस्सादच्या एखाद्या जुन्या शिक्षकाने यावर कपाळाला हात लावला असता. आम्हांला त्या शिक्षकाची बाजू अधिक पटते, कारण घरचा म्हणवून घेणाऱ्याला दार तरी उघडता आले पाहिजे. पण 'मार्प' म्हणणारी मुले हजारो आहेत आणि मस्सादची मुले कधीच तेवढी नव्हती, हेही विसरता येत नाही.

हा प्रश्न आता यहुद्यांपुरता राहिलेला नाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात. सुटीच्या दिवशी आईबाप मुलांना गाडीत घालून नेतात, स्वयंसेवक शिक्षक बाराखडी शिकवतात, मूल 'कमळ' लिहिते आणि गाडीत बसताच इंग्रजी बोलू लागते. दुपारच्या यहुदी धर्मशाळेचे जे दुखणे होते तेच हे. आठवड्याच्या दोन तासांना मैदान नाही, भांडण नाही, मक्काबिया नाही. त्या शाळांतील कष्टाळू शिक्षकांना कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु आठ आठवडे मराठीतच भांडायचे अशी जागा तिकडे कोणी अजून उभी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यहुद्यांत तो प्रयोग पुन्हा सुरू झाला आहे. २०१३ पासून अमेरिकेतील काही यहुदी दिवस-शिबिरांत 'कायित्झ केफ' या नावाने लहान मुलांचे हिब्रू गट चालवतात. नावाचा अर्थ मौजेचा उन्हाळा. सातआठ वर्षांच्या मुलांशी मार्गदर्शक दिवसभर हिब्रूतच बोलतो. मुलांनी सुरुवातीला इंग्रजीत उत्तर दिले तरी रागवायचे नाही, खेळ चालू ठेवायचा. मुले संध्याकाळी घरी जातात, म्हणजे फार रॉकअवेच्या वाळूत १९४१ साली जी अडचण आली होती ती येथेही आहेच.

आणि मस्साद हे नाव पुरते पुसले गेले नाही. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग सरोवराच्या काठी विनिपेग बीच नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तेथे सरोवर गोठून घट्ट होते. पेन्सिल्व्हेनियाच्या मस्सादपासून स्फूर्ती घेऊन १९५३ साली तेथे एक शिबिर निघाले. तेही मस्सादच. थोरल्या भावाला जाऊन चार दशके झाली. हे धाकटे अजून दर उन्हाळ्यात भरते, मुले हिब्रू गाणी म्हणतात, हिब्रू नाटके बसवतात, आणि शेवटच्या दिवसांत मक्काबिया होतो.